बंद दारांची गाडी निघाली, निनाद

प्रिय निनाद,

आज तुझ्या बाबांची गाडी सुरू झाली. मुलुंडच्या फलाटावर माझ्याशेजारी उभं राहून त्यांनी ती जाताना पाहिली, आणि घरी आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. कुणापाशी बोलू मी? हे सगळं कळणारा एक तूच होतास.

आठवतं, त्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू पोहे खात होतास? "नव्या लोकल येताहेत. एसी नाही, पण दारं आपोआप बंद होणार. आमच्या कारशेडमध्ये पहिला डबा तयार होतोय." तू लगेच म्हणालास, "आणि हवा कुठून येणार, बाबा? उकडून मरू ना आम्ही!" मी किती हसले! बाबा हसले नाहीत. "तोच तर सगळा घोळ आहे रे," म्हणाले.

काही महिन्यांनीच घाटकोपरच्या पुढे तू उघड्या दारातून पडलास. तुझा मित्र म्हणाला, "काकू, तो लटकत नव्हता हो. आत शिरायला बघत होता." का सांगितलं त्याने मला हे?

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी बाबा कामावर निघाले. मी ओरडले, "माझं पोर खाल्लं त्या गाडीने, आणि तुम्ही तिच्याकडेच निघालात?" बूट घालता घालता ते म्हणाले, "तिच्याकडे नाही, सुनंदा. तिच्या दारांकडे."

दारांना हवेसाठी जाळ्या ठेवल्या, छताला झडपा बसवल्या. मग भर उन्हात, डबा माणसांनी गच्च भरून, दारं लावून बघायचं ठरलं. वजनासाठी वाळूच्या गोण्या चालतात, पण गोण्यांचा जीव गुदमरत नाही ना! कामगार उभे राहिले, तरी माणसं कमी पडली. म्हणून घरच्यांना बोलावलं. मी गेले. खालच्या मजल्यावरची रोझीताईही चर्चमधून थेट आली. "पोरगं माझ्या पन मांडीवर वाढलंय," म्हणाली.

दार लागलं. रबराच्या दोन कडा एकमेकींना चिकटल्या, बोटभरही फट उरली नाही. एवढंच? एवढंच हवं होतं माझ्या पोराला? मी त्या दारावर डोकं टेकून रडले. कुणाच्या लक्षातही आलं नाही, सगळ्यांचेच चेहरे ओले होते.

थोड्या वेळाने रोझीताई मटकन खाली बसली. मग आणखी दोघं. बाबांनी बाहेरून हात हलवला, दारं उघडली. चाचणी फसली होती.

सगळे गेल्यावर ते रुळाजवळच्या खडीवर बसले होते. "निनाद बरोबर बोलला होता. हवा नाही पोचत. मी हरलो गं."

मी काय समजूत घालणार? मलाच कोण घालत होतं? मी म्हटलं, "पुन्हा उभं करा मला त्यात. हवं तितक्यांदा करा. पण दारं उघडी ठेवून ही गाडी बाहेर काढलीत, तर मी तुमच्या घरात राहणार नाही." त्यांनी उठायला हात मागितला.

झडपा मोठ्या केल्या, छतातले पंखे बदलले. आम्ही पुन्हा उभ्या राहिलो. या खेपेला रोझीताई शेवटपर्यंत उभी होती. उतरल्यावर घाम पुसत म्हणाली, "गरम होतंय गो, पन मरत नाय." बाबा त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले.

आणि आज! हार घातलेली गाडी फलाटाला लागली, माणसं चढली. दारं मिटत असताना जिन्यावरून एक मुलगा धावत आला. तुझ्याच वयाचा, पाठीला बॅग. "ए थांब, थांब ना यार!" त्याने दोन्ही हात दारावर आपटले. दार उघडलं नाही. गाडी गेली.

"वाट लावली! लेक्चर गेलं माझं!" तो शिव्या घालायला लागला. बाबा त्याच्याकडे टक लावून बघत होते. "दुसरी येईल, बाळा," म्हणाले. तो आणखीच भडकला. "काका, तुम्हाला काय जातंय बोलायला?"

निनाद, असाच हवा होतास रे मला! फलाटावर राहिलेला, चिडलेला, उशीर झालेला. घरी येऊन बाबांशी भांडला असतास. भांडू दिलं असतं मी. ही गाडी आधी का नाही आली रे?

बंद दारांची गाडी सध्या ही एकच आहे. मागून आली ती उघड्या दारांचीच. तो मुलगा धावतच तिच्यात घुसला आणि दारातच उभा राहिला. गाडी सुटली. मी फलाटावरून ओरडत राहिले, "आत हो रे! आत हो!" त्याच्या कानात इयरफोन होते. बाबा बाकड्यावर बसले ते उठेचनात.

उद्या सकाळी मी त्यांना उठवीन. जेवणाचा डबा हातात देईन, गरज पडली तर कारशेडच्या फाटकापर्यंत ओढत नेईन. उघड्या दारांची शेवटची गाडी बंद होईपर्यंत त्यांना घरी बसू देणार नाही. बसणार मीही नाही. हा माझा शब्द आहे, राजा.

तुला हाका मारणारी,
आई