माहेरचे लुगडे

डोंगरवाडी, ता. चिखली
ता. ९ एप्रिल १९३९

॥ श्री ॥
ती. सौ. सुभद्राआक्कास निवृत्तीचा शि. सा. न. वि. वि.

आईचे दुखणे वाढले आहे. वैद्यांनी आशा सोडली. तू ओली बाळंतीण, निघू नकोस असे तीच म्हणते.

तिचे मागणे एकच आहे. तिरडीवर माहेरचे लुगडे पडावे ते दाऊदमामाचेच. तिला सख्खा भाऊ नाही. दाऊद पिंजाऱ्याला तिने भाऊ मानले आणि दर भाऊबीजेला त्याची चोळी घेतली. पण मशिदीपुढच्या वाजंत्रीवरून तंटा झाला, तेव्हा तहसीलदारांसमोर समेट ठरला की एकाने दुसऱ्याच्या धर्मकार्यात पाऊल ठेवायचे नाही. दोन्हीकडच्या पंचांनी कबूल केले. भगवंतराव पाटील म्हणतात, परस्परांचा मान राखणे ते हेच. मी काय करावे?

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा निवृत्ती


पिंपळगाव राजा
ता. १३ एप्रिल

॥ श्री ॥
चि. निवृत्तीस सुभद्राचे अनेक आशीर्वाद.

बाजेवरून लिहिते आहे. अक्षर कोंबडीच्या पायांसारखे आले तर हसू नकोस. तू शाळेत मास्तरांना विचारून पाणी प्यायचास, अजून तसाच आहेस. वाजंत्रीचा समेट वाजंत्रीपुरता. बहिणीला लुगडे घालायला भावाला परवाना कशाला? आई उठून बसती तर पाटलांना म्हणाली असती, "काऊन हो पाटील, माहा भाऊ कोन ते तुमी सांगसान काय?" मामाला आजच निरोप दे. आईला सांग, मामा येणार.

बहिणीवर माया असू दे.
सुभद्रा


डोंगरवाडी
ता. २१ एप्रिल

सौ. आक्कास निवृत्तीचा नमस्कार.

वर श्री नाही, त्यावरून तू समजलीच असशील. आई मंगळवारी सकाळी गेली. मामा येणार हे तिला सांगितले होते. त्या भरवशावर ती शांत होती.

मामा आला. कोऱ्या घडीचे लुगडे घेऊन अंगणाबाहेर उभा राहिला. पाटलांनी हात जोडून त्याला थांबवले. त्याच्या जमातीची माणसेही त्याला परत न्यायला आली होती, तीही नरमाईनेच बोलली. कोणी शिवी दिली नाही. भांडण झाले असते तर मला काही करता आले असते. मी विस्तवाचे मडके धरून म्हणालो, मामाचे लुगडे पडल्याशिवाय आईला उचलू देणार नाही. ऊन चढत गेले. शेवटी मामाच म्हणाला, "भाचा, चाल आता. बाई उनात हाये." लुगडे काखेत मारून तो वळला.

पाटलांनी दुकानातून लुगडे आणवले आणि माहेरचे म्हणून घातले. कोणाच्या माहेरचे, ते कोणी विचारले नाही. गावात तंटा झाला नाही याचे सर्वांना समाधान आहे.

तू मामाला पत्र घालू नकोस. उत्तर लिहायचे म्हणजे तुला भाची म्हणावे की नाही, हे त्याला ठरवावे लागेल.

पत्र वाचून फाडून टाक. लोभाचे काय लिहू, तो तुझ्याकडेच उरला आहे.
निवृत्ती