अड्याळचं सॅम्पल

१२ ऑगस्ट १९८५
आजपासून रोजनिशी. मोठे शास्त्रज्ञ ठेवतात.
कॉलेजचा ऑटोक्लेव्ह बिघडलाय, म्हणून काल जुन्या प्लेटांतले जंतू घरच्या कुकरात उकडून मारले. ललितानं नंतर त्यातच वरण लावलं. मी आधी जेवलो, मग सांगितलं. सांगायची वेळ चुकली असावी. म्हणाली, या घरात तुमचे जंतू राहतील, नाहीतर मी. सकाळच्या बसनं अड्याळला, माहेरी गेली.
बरंच झालं. आठ दिवस निवांत काम होईल.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाहून परत. विषय पक्का.
तांबं म्हणजे जंतूंना विष. तरी पितळी भांड्यांच्या कारखान्यामागच्या नालीत लेकाचे मजेत राहून राहिलेत. काहून? नागपूरला जर्नलमध्ये वाचलं, पाऱ्याचं कोडं सुटत आलंय. जंतूच्या आत एक प्रोटीन जीनवर पहारा देत बसतं. पारा आला की ते त्याला धरतं आणि जीन चालू होतो. पारा निस्तरायचं सामान तयार व्हायला लागतं. पारा नसला की सगळं बंद, फुकटचा खर्च नाही. तांब्याचंही असंच असणार, आणि ते भंडाऱ्यातून मी दाखवणार! दिवाळीपर्यंत पेपर. संकल्प.
अधोरेखित: जीन आपणहून उघडत नाही. आधी धातूला दारात यावं लागतं.
ललिता आपणहून येईल. मी जाणार नाही.

१४ सप्टेंबर, पोळा
आली नाही. बसगाड्या भरून येत असतील.
शेजारच्या गोदावरीबाईनं पुरणपोळी आणून दिली. तिचंही माहेर अड्याळच. म्हणे, बाई आपल्या पायानं येत नसते सर, घ्यायले जा लागते, तुम्ही जाऊन काहून नाही राहिले? मी तिला जीनचं नियंत्रण समजावलं. ती मधेच उठली, म्हणे दूध उतू जाईल.

२५ सप्टेंबर
जंतू वाढवायच्या अगारमध्ये मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, घालून प्लेटा लावल्या होत्या. नालीचे जंतू भरघोस वाढले. वा!
तुलनेला घरचं पिण्याचं पाणी लावलं होतं. त्यात काहीच वाढायला नको. त्यातही तितकेच वाढले. विभागप्रमुख जागेश्वर सर म्हणाले, कंट्रोल फसला, सगळा प्रयोग फसला.
घरी येऊन पिण्याचं पाणी भरायच्या तांब्याच्या गुंडात हात घातला. आत हिरवट, बुळबुळीत. ललिता रोज सकाळी चिंच लावून घासायची. ती गेल्यापासून कोणी घासलाच नाही. म्हणजे तांब्याला न जुमानणारे जंतू मी घरच्या घरी पैदा केले! हे ऐकायला घरात कोणी नव्हतं. गुंडालाच सांगितलं.
पोट महिनाभर बिघडलेलं आहे. त्याचा याच्याशी संबंध नसावा.

२२ ऑक्टोबर, दसरा
चार घरी सोनं वाटलं. परत येऊन कुलूप उघडलं.
करमत नाही. लिहूनच टाकतो, कोण वाचतंय. मले बिलकुल करमत नाही.

२ नोव्हेंबर
उद्या अड्याळ. गोदावरीबाईला सांगितलं. वाक्य पाठ केलं: "चल घरी." दोनच शब्द. आरशासमोर उत्तम जमतं.

३ नोव्हेंबर, रात्री
गेलो. मी न्यायला येतोय, असा गोदावरीबाईनं निरोप दिलेला दिसला. ओसरीत ललिताची ट्रंक कुलूप लावून ठेवलेली. ती नवं लुगडं नेसून दारात उभी. सासरे यादोराव म्हणाले, या जवाईबापू, कसं काय येणं केलं?
सगळे माझ्याकडे पाहून राहिले. मी म्हटलं, सॅम्पल घ्यायला. तुमच्या गुंडातल्या पाण्याचं. कंट्रोल पाहिजे.
ललितानं माझ्या हातून बाटली घेतली, आत जाऊन भरून आणली, बूच घट्ट लावलं. विचारलं, आणखी काही न्यायचं आहे का?
मी म्हटलं, नाही, एवढं पुरे.
तिनं ट्रंक एकटीनं उचलली आणि आत नेली.
बसमध्ये रडलो. बाटली मात्र सांडू दिली नाही.

६ नोव्हेंबर
अड्याळच्या पाण्याची प्लेट कोरी. एक ठिपका नाही. रोज घासलेला गुंड. असा कंट्रोल उभ्या विदर्भात मिळणार नाही. पेपर आता झालाच समजा!
पण एका सॅम्पलवर पेपर होत नाही. शास्त्राचा नियम आहे. तेव्हा रविवारी पुन्हा अड्याळला जाणं भागच आहे. या वेळी आधी ते दोन शब्द, मग बाटली. गोदावरीबाईला तसं सांगून ठेवलं.

९ नोव्हेंबर
गोदावरीबाईच्या हाती ललिताचा उलट निरोप आला. म्हणे, पाणी लागलं तर बाटली बसच्या कंडक्टरजवळ देत जा, भरून मिळेल. सरांनी स्वतः यायची गरज नाही.
सोय झाली म्हणायची.