रुसलो नाही, ब्रूडिंग करतोय

ता. ३, सोमवार
ही मुलीकडे बाळंतपणाला जाऊन बरेच दिवस झाले. नात झाली, सगळं सुखरूप. काल फोनवर म्हणाली, अजून महिनाभर राहते. विचारलं नाही, सांगितलं. मी नुसतं "बरं" म्हणालो. त्या "बरं"मध्ये काय काय होतं, ते तिला कळायला हवं होतं.
संकल्प: आपणहून फोन करायचा नाही. हा रुसवा नव्हे. या वयात कोण रुसतं?

ता. ५, बुधवार
फोन नाही. घरी असती तर एव्हाना बशी वाजली असती. आमची पद्धत अशी: मी भिंतीकडे तोंड करून पडतो. ही चहा उशाशी आणते आणि बशीवर कप वाजवते. पहिल्यांदा मी हलत नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा उठतो, उपकार केल्यासारखा. लग्नापासून बिनबोभाट चाललंय.
आज भिंतीकडे तोंड करून पडून पाहिलं. ऑफिसला लेट मार्क.

ता. ६, गुरुवार
लिफ्टच्या तक्रारी घेणं माझं काम. आत अडकलेला एकजण फोनवर फार ओरडला. म्हणालो, तुमच्याकडे निदान अलार्मचं बटण तरी आहे. त्याने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, हल्ली तुम्ही फार ग्रम्पी झालात.
वाईट वाटलं. पण शब्द आवडला. तोच चिडकेपणा इंग्रजीत कसा वजनदार वाटतो!

ता. ८, शनिवार
मुलीची शाळेतली डिक्शनरी काढली. इंग्रजांकडे फुगून बसायची काय चंगळ आहे! सल्क: पोरकट. पाउट: ओठ पुढे काढायचे, मिशांमुळे दिसणार नाहीत. हफ: तणतणत निघून जायचं, पण घरातून तर हीच गेलीय. मोप: तोंड पाडून घरभर फिरणं. करून पाहिलं. दोन खोल्यांत लवकर संपतं.
शेवटी सापडला. ब्रूडिंग. उदास, गंभीर, खोल विचारात. हा मला शोभतो. हिला मेसेज केला, आय अ‍ॅम ब्रूडिंग. आता धावत येईल.

ता. ९, रविवार
मुलीचा फोन. तिला हसू आवरेना. म्हणे ब्रूडिंग म्हणजे कोंबडी अंड्यांवर बसते ते. आई म्हणाली, म्हणजे खुडूक बसलेत होय! बसू देत.
म्हणालो, दुसरा अर्थ बघ. तेवढ्यात बाळ रडलं, फोन बंद.
डिक्शनरी पाहिली. कोंबडीच आधी आहे. खुडूक कोंबडीखाली निदान अंडी असतात. माझ्याखाली गादी, तीही अर्धी रिकामी.

ता. १२, बुधवार
मुलीचा पुन्हा फोन. या वेळी हसत नव्हती. म्हणाली, आई रुसलीय. नात बघायला तुम्ही एकदाही आला नाहीत. महिनाभर राहते म्हणाली ते तुम्ही "मग मीच येतो" म्हणावं म्हणून. तुम्ही "बरं" म्हणालात.
माझी बाजू मांडली. आधी मी रुसलो होतो. (शब्द घाईत निसटला.)

ता. १३, गुरुवार
संकल्प: शनिवारी जायचं. नक्की.
डिक्शनरी पुन्हा चाळली. रुसायला ढीगभर शब्द, पण रुसवा काढायला नेमका असा एकही सापडला नाही. मग तिकडची फुगून बसलेली माणसं उठतात कशी? कोण उठवतं त्यांना? घर फार शांत आहे.

ता. १५, शनिवार
गेलो नाही. शर्टाला इस्त्री नव्हती. शिवाय न बोलावता जायचं म्हणजे हार मानल्यासारखं.

ता. १६, रविवार
युक्ती सुचली. चहा केला, हिला फोन लावला. हिने उचलला. मी काही बोललो नाही. फोन जवळ धरून बशीवर कप वाजवला.
तिकडे शांतता. पण फोन ठेवला नाही तिने.
दुसऱ्यांदा वाजवला. शांतता. नियमाला धरूनच होतं.
तिसऱ्यांदा जरा जोरात वाजवला. बशी फुटली.
ही म्हणाली, काय फुटलं?
एवढ्या दिवसांत तिने मला विचारलेला पहिला प्रश्न. येतो म्हणायचं होतं. अगदी ओठांवर होतं.
म्हणालो, काही नाही.
ती म्हणाली, बरं.