निर्माल्याच्या आडात सोडलेली चिमणी

आबा, आज सकाळी मी एका परक्या माणसाच्या थोबाडीत मारली. सत्तरी उलटलेली बाई मी, भिंत धरून चालते, पण हात असा सणसणीत बसला की त्याच्या तोंडातली विडी उडून चिखलात पडली. मी आता गंगापूर रोडला राहते. तुमच्या वेळी तिथं नुसते मळे होते. मागच्या अंगणातली संडासाची टाकी उपसायला दोघं आले होते. झाकण उचललं, आतला काळा रेंदा बुडबुडत होता, आणि हा शहाणा त्यावर वाकून काडी ओढायला निघाला. "मावशी, येड लागलं का तुम्हाला?" म्हणून तो ओरडला. त्याला काय सांगणार, कपाळ माझं! माफी मागितली, चहा पाजला, आणि ते गेल्यावर कागद घेऊन बसले.

तुमचा धंदा विहिरी आणि आड उपसण्याचा. आई लवकर गेली, म्हणून तुमच्या आणि भावाच्या भाकऱ्या घेऊन मी कामावर यायची. तुमचा कायदा एकच होता. जुन्या आडात माणूस उतरवण्याआधी बादलीत रॉकेलची चिमणी पेटवून ठेवायची आणि ती दोरानं खाली सोडायची. चिमणी विझली तर खाली हवा मेलेली, उतरायचं नाही. जळत राहिली तर बिनघोर उतरायचं. त्या कायद्यानं तुम्ही कितीतरी गडी जिवंत वर आणलेत, ते मी नाकारत नाही.

पण पंचवटीतल्या एका देवळामागचा तो आड निराळा होता. कित्येक वर्षं त्यात निर्माल्य टाकत आले होते, बेलाची पानं, झेंडू, तुळस, सगळं पाण्यात कुजत पडलेलं, आणि वरून दगडी फरशी घट्ट बसवलेली. काम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी तुम्हाला म्हणाले, "आबा, तिथं चिमणी सोडू नका. फरशी काढून एक दिवस आड उघडा ठेवा. आतली हवा पेटेल." शाळेत आमच्या बाईंनी दाखवलं होतं. गोदेच्या साचलेल्या पाण्यात त्यांनी काठीनं चिखल ढवळला, वर आलेले बुडबुडे पालथ्या बाटलीत धरले आणि बाटलीच्या तोंडाशी काडी नेली. भप्पकन निळा जाळ! पाला वाऱ्याशिवाय कुजला की ही हवा होते, समुद्राकाठच्या गाळातसुद्धा होते, असं बाई म्हणाल्या होत्या.

भाऊ खो खो हसला. विशीतला गडी, महिन्यावर लग्न आलेलं. माझ्याहून मोठा, पण आई गेल्यापासून मला अक्काच म्हणायचा. "अक्का, हवा पेटती तर चुलीत लाकडं कशाला घालतीस? हवाच घाल की!" मीही हसले असते, पण तुम्ही हसत नव्हता. माझंही तोंड काही कमी नव्हतं. म्हटलं, "तुमचा कायदा त्या आडात खोटा आहे." तुम्ही उठलात, खुंटीवरचा ओला दोर काढलात आणि मारत सुटलात. "माझ्या बापाचा कायदा खोटा? चार बुकं वाचली तर लय शानी झालीस?" पाठीवर, मांडीवर, मग तोंडावर. ओठ फाटला, पुढचा दात अर्धा तुटला. भाऊ मधे पडला तर त्यालाही दोन बसले. तुटका दात जिभेला लागतो आहे, तोंडात रक्ताची खारट चव आहे, आणि तुम्ही खाटेवर बसून धापा टाकता आहात. असा संताप, आबा, की तुमचा गळा दातांनी फोडावा.

सकाळी पहारींनी फरशी सरकवली. असा भपका आला की गड्यांनी नाकाला धोतर लावलं. मी वाकून पाहिलं. खाली काळा लगदा उकळत्या पिठल्यासारखा फुटत होता. तुम्ही चिमणी पेटवलीत, बादलीत ठेवलीत, दोर हाताला गुंडाळलात. आणि मग काय मनात आलं कुणास ठाऊक, भावाकडे वळलात. "आता संसाराला लागशील. आजपासून दिवा तू सोड." किती खुलला तो! तुम्ही बाजूला झालात. त्यानं दोर घेतला, आडावर वाकून बादली खाली सोडली.

आवाज नंतर आला. आधी आडाच्या तोंडातून जाळच उभा राहिला, पुरुषभर उंच, आणि त्यात भाऊ होता. केस गेले, भुवया गेल्या. मी त्याचा हात धरून ओढायला गेले तर कातडं माझ्या मुठीत आलं. टांग्यात घालून पुलावरून दवाखान्यात नेईपर्यंत तो एकच विचारत होता, "अक्का, अंधार का झाला?" डोळे गेले. लग्न मोडलं. बायका म्हणाल्या, देवानं पोरीला वाचवलं, ती नेमकी चार पावलं मागं होती.

तो घरी आला त्या दिवशी तुम्ही चुलीसमोर बसलात आणि ज्या हातानं दोर दिलात तो निखाऱ्यात खुपसलात. मी फुंकणीनं मनगटावर हाणलं तेव्हा कुठं तो बाहेर आला. मांस जळाल्याचा वास घरभर. आणि तुम्ही मला विचारलंत, "तू सांगितलं होतंस. सकाळी पुन्यांदा का नाय बोललीस?" मी म्हणाले, "तुम्ही मारलं होतं. भीती वाटली." तुम्ही लहान पोरासारखे रडलात. त्यानंतर चार वर्षं जगलात, पण माझ्यावर काय, मांजरावरही हात उगारला नाहीत. पोरीच्या तोंडाला आपण कुलूप घातलं, हेच म्हणत गेलात.

भावाला मी सांभाळलं. लग्न केलं नाही. लोक माझ्या त्यागाचे गोडवे गात, आणि मी गप्प ऐकून घेई. तो परवाच्या उन्हाळ्यात गेला. शेवटपर्यंत म्हणायचा, आबांचा काही दोष नव्हता. हे पत्र चुलीत घालीन म्हणते, पण इथं आता चूल नाही, गॅसची शेगडी आहे. आबा, मला भीतीबिती काही वाटली नव्हती. तुम्ही चिमणी पेटवलीत तेव्हाच मी मोजून चार पावलं मागं सरकले होते. तुम्ही दोर त्याच्या हातात दिलात आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मला वाटलं होतं, दिवा तुम्ही सोडाल.