टोपीच्या कडेला दोन बोटं

२६ मे, रविवार

आमच्या ग्रेडीचं नाव बेसबॉलच्या शोकेससाठी घातलं. अर्जात आईच्या नावाचा रकाना होता. रिकामा सोडला तर अर्ज पुढे सरकेना. शेवटी लीॲनचं नाव लिहिलं. खोटं थोडंच आहे!

सामना नसतो तिथे. पाठीवर नंबर लावून मुलांना पळवतात, चेंडू फेकायला लावतात, घड्याळ लावून आकडे लिहून घेतात. कॉलेजांचे प्रशिक्षक ते बघतात. चौदाव्या वर्षी! हे सगळं लीॲनने मागच्या उन्हाळ्यातच ठरवलं होतं. तेव्हा मी फक्त मान हलवली होती.

३० मे

लीॲनच्या बहिणीने, डार्लीनने, तिच्या फोनवरचे जुने सामने पाठवले. बहीण दिसते त्यांत म्हणून जपून ठेवले होते, म्हणाली. माझी कामाची पाळी शनिवारची, सामनेही शनिवारचे — सात वर्षांत मी दोन पाहिले.

आवाज बंद करून बघत होतो. दर वेळी तेच. मुखवटा चढवण्याआधी ग्रेडी प्रेक्षकांच्या बाकांकडे बघतो. लीॲन टोपीच्या कडेला दोन बोटं लावते. मग तो होम प्लेटमागे, चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या जागी, खाली बसतो.

तेवढाच तुकडा परत परत लावला. नखं खायची सवय शेवटपर्यंत गेली नाही तिची.

३१ मे

'मी आहे इथे' — असंच काहीतरी असणार. विचारणार होतो. तो कॅचरच्या मिटला, त्या जाड चामडी हातमोज्याला, तेल लावत बसला होता. तिच्याबद्दल फेब्रुवारीपासून आम्ही एक शब्द बोललेलो नाही. राहिलंच.

४ जून

शनिवारची सुट्टी मागितली. फोरमन म्हणाला, सुट्टीचा अर्ज कसा भरतात हे तरी ठाऊक आहे का तुला?

७ जून

न्हाणीघरातल्या आरशासमोर दोन बोटं टोपीला लावून पाहिली.

८ जून, शनिवार

पहाटे निघालो. ग्रेडीचा नंबर ११७. दारातच सांगितलं — पालकांनी जाळीपलीकडून काही बोलायचं नाही, ओरडायचं नाही. शेजारी एक जाडजूड गृहस्थ उकडलेल्या शेंगा सोलत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "पहिल्यांदा ना? श्वास घ्या, साहेब. पळायचंय ते पोराला."

धावणं बरं झालं. मग कॅचरांची पाळी. चेंडू मिटमध्ये आला की उठून दुसऱ्या बेसवर फेकायचा. मध्ये किती वेळ जातो तो मोजतात. प्रत्येकाला तीन फेकी. ग्रेडीची पहिली २.४ सेकंद. वाईट नाही. दुसरीच्या आधी त्याने मुखवटा वर केला, बाकांकडे बघितलं. शोधत होता. मला राहवेना. उभा राहिलो आणि टोपीला दोन बोटं लावली. अगदी तिच्यासारखी.

तो बघतच राहिला. फेक बेसवरून पार मागच्या गवतात गेली. आकडा नाही. तिसरीही तशीच.

परतीच्या वाटेत सॉसेज भरलेली, पावासारखी बिस्किटं घेतली, ती पुडक्यातच राहिली. तिची जागा घ्यायला जायला नको होतं मी. एवढी एकच गोष्ट त्या दोघांची होती.

९ जून, रविवार

नाश्त्याला ग्रेडी आपणहून बोलला. नजर ताटात.

"त्या खुणेचा अर्थ, बाबा नाही आले. काल तुम्ही स्वतः उभे राहून तेच सांगत होतात." मग हसला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. मला हसता आलं नाही. म्हणजे दर शनिवारी तो बाकांवर मला शोधत होता.

आलो असलो तर कोणती खूण, मी विचारलं.

उजवा कान ओढायची, म्हणाला. दोनदाच ओढला तिने.