नवऱ्याच्या नावापुढची लाल चांदणी

५ जाने., सोम. वर्धा
बचतगटांच्या मेळाव्यासाठी ऑनलाइन नोंदणी फॉर्म हवाय. सरांनी मला आणि प्रज्ञाला वेगवेगळा करायला लावला. बायकांना जो सोपा जाईल तो घेणार म्हणे. या ऑफिसात मी सहा वर्षं, ती सहा महिने. आणि परीक्षा माझी!

६, मंगळ.
तिचा फॉर्म चोरून पाहिला. मोठी अक्षरं, ऐसपैस बटणं. जाहिरातींचे मेसेज हवेत का, तिथली चौकट रिकामी. मी तिथे खूण आधीच करून ठेवतो, सगळेच ठेवतात. 'पती/वडिलांचे नाव' तर सक्तीचंही नाही; माझ्यात तिथे सक्तीची लाल चांदणी आहे. सरांसमोरच विचारलं, सक्ती काऊन नाई?
"दादा, जिले सांगाचं नाई तिले जबरदस्ती कायले?"
सर खूश. मी जळलो. इथे कोण वाचतंय, जळलोच.

८, गुरु.
चाचणीच्या नोंदी आल्या. माझ्या फॉर्मात नवऱ्याच्या नावाच्या जागी कितीजणींनी नुसतं टिंब टाकलंय. एकीने 'अअअ'. काय हा वेंधळेपणा! असलं काही चालणारच नाही असं करून टाकलं. नाव नसेल तर चौकट लाल, पुढचं बटण बंद. माझी माहिती पूर्ण, तिची अर्धवट. दिवसभर बरं वाटलं. ताईला दोन्ही लिंका पाठवल्या. घरचं एक मत तरी...

११, रवि. कारंजा
ताई मेळाव्यात शेवयांचा स्टॉल लावणार. तिला माहेरी येऊन तीन वर्षं झाली. त्या माणसाचं नाव तेव्हापासून तिच्या तोंडून ऐकलं नाही. जेवताना विचारलं, कोणता बरा वाटला?
"त्या पोरीचा. तिथं रिकामं सोडलं, चाललं."
"अन् माह्या?"
"टिंब टाकलं तं लाल झालं. तीनदा केलं." भाकर मोडत म्हणाली, "मंग टाकलं त्याचं नाव. तू म्हनलं होतं ना, भरजो म्हून."
आई उठून आत गेली. आणि माझ्या डोक्यात पहिलं काय आलं, तर ताईनेही तिचाच निवडला.

१२, सोम. वर्धा
सर उद्या ठरवणार. ताईची नोंद उघडून त्याचं नाव पुसलं. नावापुढची चांदणी काढायला एक मिनिट पुरे. पण काढली की सर म्हणणार, प्रज्ञाचं पाहून केलं. खरंच तर असेल ते.
मघाशी प्रज्ञा मागे येऊन उभी राहिली. "काय करून राह्यले, दादा?"
"काई नाई," म्हणालो आणि स्क्रीन बंद केली. चांदणी अजून तशीच आहे.