पंचांगाच्या कव्हरातली वही

गढा, जबलपूर
३१ मार्च २०२५

ती. स्व. वसुधाआत्यास,
मेघनाचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही हे आज बरंच झालं. माझ्याच्याने बोलवलं नसतं. आत्या, माझी शब्दांची वही गेली. काल पाडव्याला नवं पंचांग आलं, म्हणून आईने जुनं पंचांग आणि फाटक्या पोथ्या ग्वारीघाटावर नेऊन नर्मदेत सोडल्या. आपल्याकडे लिहिलेला कागद रद्दीत जात नाही, तुला ठाऊकच आहे. वहीला जुन्या पंचांगाचं कव्हर मीच घातलं होतं. तीही गेली.

सहा महिने शब्द जमवले होते. लिहायला सारखे, पण एकमेकींशी काही नातं नसलेल्या भाषांत अर्थ निराळे. आपला मामा जॉर्जियात बाप होतो, हे तिथे डॉक्टरकी शिकलेल्या सुशांतने सांगितलं. आपली नार चिंचेची गाडी लावणाऱ्या तुळशीराम भैयांच्या गोंडीत गाव होते. नुसता शब्द चालत नाही, सांगणाऱ्याचं नावही लागतं. असे साठ. एकवीस एप्रिलला संशोधनवृत्तीची मुलाखत आहे. बाबांनी ही एकच संधी दिली आहे. नाहीतर मेपासून इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या कोचिंगच्या ऑफिसात बसायचं. घरातली पहिली पदवी आणि तिचा एवढाच उपयोग!

काल मी आईला नको ते बोलले. म्हटलं, शिकली असतीस तर वही ओळखली असतीस. तेव्हापासून ती जेवायला वाढते, पण माझ्याकडे बघत नाही.

लोभ आहेच, या खेपेला थोडा धीरही पाठव.
तुझी मेघना

नागपूर
५ एप्रिल २०२५

चि. मेघनास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझाच राग आला. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला असं बोलतात? लतिकावहिनीने तुझ्या कॉलेजपायी सहा वर्षं शेजाऱ्यांचे टोमणे ऐकले, ते विसरलीस वाटतं.

आता नीट वाच. तू दर पत्रात मला दोन-तीन शब्द पाठवत होतीस, सांगणाऱ्याच्या नावासकट. मी आमच्या अतुलला म्हणत होते की ही पोरगी खुशाली सोडून डिक्शनरी काहून पाठवून राहिली! पण मीही तुझ्याच घरची. पत्रं रद्दीत देत नाही, दर चैत्रात जबलपूरला येते तेव्हा पिशवी नर्मदेत सोडते. यंदा गुडघ्याने येऊ दिलं नाही. पिशवी अजून खुंटीला आहे, एकोणीस पत्रं. मागाहून रजिस्टरने येतील. साठ भरतील की नाही, देव जाणे.

आईशी आधी बोल, मग पाकीट फोड.
गुडघ्यासकट तुझीच,
वसुधाआत्या

गढा, जबलपूर
२२ एप्रिल २०२५

ती. स्व. आत्यास,
मेघनाचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट आलं त्या सकाळी आईला शोधलं, तर ती घरात नव्हती. तासाभराने आली, हातात पिशवीतून काढलेले चार कागद. आठवडाभर ती रोज पायी तुळशीराम भैयांच्या चिंचेच्या गाडीवर जात होती. गोंडी शब्द पुन्हा विचारून, मोठ्या अक्षरात, तीन रकाने आखून लिहिले होते: शब्द, अर्थ, सांगणारा. मी पायाच पडले. ती म्हणाली की रडायचं मागून बघू, आधी ह्रस्व-दीर्घ तपास.

पत्रांतून बेचाळीस निघाले, आईचे नऊ त्यांच्याबाहेरचे. मुलाखतीत एक्कावन्नच मांडले. बाकीचे नऊ नर्मदेत आहेत, असं सरळ सांगितलं. समोरचे गृहस्थ हसले नाहीत. वेगळ्या अक्षरातली पानं बराच वेळ उलटून त्यांनी विचारलं की नोंद घेणाऱ्याचं नाव कुठे आहे. मग त्यांचंच पेन मागून प्रत्येक पानाखाली आईचं नाव लिहिलं.

संध्याकाळी निवड झाल्याचा निरोप आला. बाबा चौकात जाऊन खोव्याची जिलेबी घेऊन आले.

नवी वही आणली आहे. तिला कव्हर आईने घातलं, कोऱ्या खाकी कागदाचं. वर नावाच्या जागी तिने लिहिलं आहे: नर्मदेत सोडू नये.

गुडघा जप, आणि हे पत्रही खुंटीलाच ठेव.
तुझी मेघना